परत पाठवलेलं ताट

दारात आलेलं भरलेलं ताट मी एकदा जसंच्या तसं परत पाठवलं होतं. आमच्या गल्लीत असं कुणी करत नाही. बोलचाल बंद असली तरी ताट घेतात, आणि मग आत जाऊन हवी तेवढी बोटं मोडतात. मी घेतलंच नाही. वर हसून "थँक्यू" म्हणाले. आता काय सांगायचं, तेव्हा मी अल्लड होते. बासष्टची.

आमचं घर ख्रिस्ती आणि शेजार लिंगायत. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट येतं, नाताळात आमच्याकडून जातं. एक रीत मात्र गल्लीतल्या सगळ्यांची सारखी. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलंय, त्या घरात सणाला कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे आणून देतात.

त्या वर्षी ऑगस्टात माझा मुलगा गेला. अडतीस वर्षांचा. सकाळी बिद्रीला कामावर निघण्याआधी अंगणात गाडी पुसत होता. "आई, चहा टाक," म्हणाला. मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा तो गाडीला टेकून बसला होता, फडकं हातातच होतं. यजमान आधीच गेलेले. घरात उरलो आम्ही तिघी. मी, सून आणि सहा वर्षांची नात.

आणि मी ठरवलं, यंदाचा नाताळ दणक्यात करायचा.

का, तर साक्ष. आमच्या चर्चच्या मंडळीत हा शब्द फार चालतो. आपल्या वागण्यातून चार लोकांना आपला विश्वास दिसावा, ती साक्ष. कबरस्तानात पाळक म्हणाले होते की आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. ते मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. पण मी त्याचा अर्थ काय लावला, तर आता रडायचं नाही. मी रडले तर जणू प्रभूचीच नाचक्की होणार होती! स्वर्गाची सगळी अब्रू माझ्या दोन डोळ्यांवर टांगलेली. काय पण शहाणी.

मग डिसेंबर लागल्यापासून मी घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले, बाहेरच्या भिंतीला रंग दिला, दाराला नवी चांदणी लावली. दरवर्षी एकवीस ताटं जायची, त्या वर्षी तीस करायची ठरवली. सुनेला मोरपंखी साडी आणली.

"आई, मला नको वाटतंय," ती म्हणाली.

"लोक बघतात," मी म्हणाले. "आणि गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहा. मागं लपू नकोस."

एकदा ती मोरीत नळ सोडून रडत होती. मी दार वाजवून म्हणाले, "पाणी वाया जातंय." हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

आमच्या घरची म्हणून एक करंजी होती, ती मात्र मी त्या वर्षी केली नाही. मुलगा दहा वर्षांचा असताना त्यानं एका करंजीत सारणाऐवजी कांदा-लसूण चटणी भरली होती. ती गेली नेमकी पाळकांच्या ताटात. पाळकांनी तांब्याभर पाणी पिऊन त्याला बोलावलं आणि शिक्षा म्हणून सगळ्यांसमोर नाताळचं गीत म्हणायला लावलं. तेव्हापासून दरवर्षी एक करंजी चटणीची, आणि ज्याच्या वाट्याला येईल त्यानं गीत म्हणायचं. एके वर्षी ती शेजारणीला गेली. डोळ्यांतून पाणी गाळत ती आमच्या दारात उभी राहिली. "मला तुमची गाणी येत न्हाईत," म्हणाली. "पण बाळाचाच सण हाय न्हवं? मग पाळणा म्हणते की!" आणि तिनं खरोखर पाळणा म्हटला, कानडी वळणाचा. माझा पोरगा हसून हसून जमिनीवर लोळला होता.

तेवीस तारखेला सकाळी तीच शेजारीण दारात आली. हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल.

"आक्का, यंदा कढई ठिवू नका. मी केलंया सगळं. तुमच्यासारखं जमलं न्हाय, पर केलंया."

स्वयंपाकघरातून तळणीचा वास येत होता. डोक्यावर चांदणी लुकलुकत होती. मी अशी उभी, जसा काही मोठा सन्मान सोहळा चाललाय.

"आमच्यात असलं काही पाळत नाहीत हो," मी म्हणाले. "आम्हाला आशा असते. आम्ही सण करणार. थँक्यू." आणि तिच्या हातातलं ताट हलकेच तिच्याकडेच ढकललं.

तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "व्हय, व्हय. माझंच चुकलं," म्हणाली. ताटावर पदर घेतला आणि गेली.

आत सून पाऱ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मान वर न करता म्हणाली, "आई, परवा उपासना झाली की मी आजऱ्याला जाते. पोरीला घेऊन."

आजरा तिचं माहेर. "नव्या वर्षाला येशील ना?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"तिथं मला रडू देतील, आई."

लाटणं फिरतच होतं. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "आधी एवढ्या पाऱ्या तरी संपव."

नाताळच्या सकाळी ती मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत उभी राहिली. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज येत नव्हता, हे मला तिसऱ्या बाकावरून कळत होतं. मी मात्र सगळ्यांशी हात मिळवत, हसत हिंडले. एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून आमचा विश्वास वाढतो हो." मी तेलातल्या पुरीसारखी टम्म फुगले.

घरी आलो तर दाराशी सुनेची बॅग. तीनची एसटी होती. ती आत पोरीचे कपडे घडी करत होती. मी डबे उघडून बसले. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, सगळं कसं झकास झालेलं, आणि आमच्यातल्या एकीनंही तोंडात घातलेलं नव्हतं.

नातीनं डब्यात हात घातला, चार करंज्या हलवून पाहिल्या. "आज्जी, बाबाची तिखट करंजी कुठली?"

"यंदा नाही केली."

"का?"

साक्षीबद्दल मी सबंध मंडळीला तासभर सांगितलं असतं. त्या पोरीच्या 'का'वर मी नुसतं डब्याचं झाकण लावलं. आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मी उठले आणि जरीच्या साडीत, अनवाणी, शेजारी गेले.

"या की," शेजारीण म्हणाली. जसं काही झालंच नव्हतं.

"ते ताट," मी म्हणाले. "आहे का हो अजून?"

"हाय की. तुमच्या नावाचं ताट आमी कसं खाणार?"

फडताळातून तिनं ते काढलं. रुमालही तोच. माझ्या हातात न देता स्वतःच घेऊन माझ्यामागे आली आणि आमच्या स्वयंपाकघरात खाली फतकल मारून बसली. मी तिच्यासमोर बसले. वरची पहिली करंजी उचलली. पारी जाड होती. कडेला मुरड नीट बसली नव्हती. असल्या वेळीसुद्धा हे माझ्या नजरेतून सुटलं नाही, मेलं माझं मन! दुसरा घास घेतला आणि जीभ पेटली. चटणी.

मी तिच्याकडे पाहिलं.

"घातली की," ती म्हणाली. "पोरानं पाडल्याली रीत, ती मोडायची व्हय?"

आधी डोळ्यांत आलं ते तिखटाचं पाणी. मग ते थांबेना. मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माझा म्हणून कधी ऐकला नव्हता. चार महिने मी देवाशी फार सभ्यपणे बोलत होते, आभार मानत होते, तुझी इच्छा म्हणत होते. त्या दिवशी मी ओरडले, "प्रभू, माझं पोरगं मला पाहिजे." एवढीच प्रार्थना. उत्तर काही आलं नाही. पण कुणीतरी ऐकतंय, असं ऑगस्टनंतर मला पहिल्यांदा वाटलं. आशा म्हणून ज्याचा मी इतका गाजावाजा केला होता, ते त्या दुपारी एवढंसंच हाताला लागलं. पण लागलं.

सून दारात आली. माझ्या हातातली उरलेली अर्धी करंजी तिनं घेतली, उभ्यानंच खाल्ली आणि माझ्या अंगावर कोसळली. आम्ही दोघी त्या फरशीवर पोरासाठी रडलो. नात म्हणाली, "आज्जी, तुला तिखट आली. गाणं म्हण!" मी सुरुवात केली. पहिल्या ओळीतच अडकले. सुनेनं ती ओळ उचलली, तिलाही पुढे नेता आली नाही. त्या नाताळचं गीत तसंच अर्धं राहिलं.

तीनची एसटी गेली. सून दुसऱ्या दिवशी गेली. मीच स्टँडवर पोचवायला गेले, "रडून घे पोटभर," म्हणाले, आणि ती कधी येणार हे विचारलं नाही. फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं, तर बॅग घेऊन दोघी उभ्या. आता चटणीची करंजी सूनच भरते, आणि दरवर्षी तिला भरताना रडू येतं, आणि कुणी नळ बंद करायला सांगत नाही.

पण त्या दुपारी एवढं सगळं पुढचं दिसत नव्हतं. मी पदरानं नाक पुसत होते. लाज वाटत होती. शेजारणीला म्हणाले, "बघा की, ऐन सणाच्या दिवशी मी हे काय करून बसले. आमच्यात आज आनंद करायचा असतो."

तिनं ताटातला चुरा गोळा केला, माझ्या सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या त्या बाळाच्या आईनं बी पुढं लेक पुरलाच न्हवं? तिला कोण म्हणालं व्हतं का, हास म्हणून?"