चिठ्ठीत नसलेला शब्द

मस्तगडच्या मालनबाई खरात बावीस वर्षांपासून अंगणवाडीत लेकरांचा खाऊ शिजवतात. त्यांची स्वतःची थोरली, पायल, मात्र काही केल्या अंग धरत नव्हती. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, सारखे जुलाब. मालनबाई तिला दुधात बिस्किटं कुस्करून द्यायच्या, गव्हाची खीर भरवायच्या. नवव्या वर्षी पायल गेली.

धाकटी अक्षता एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात लागली आणि तीही तशीच वाळत चालली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू आणि जव चालत नाहीत, कणभर गेला तरी आतडं खराब होतं. मालनबाईंनी पायलचं विचारलं.

"आता खात्रीनं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण असू शकतं."



घरातला गहू त्याच दिवशी गेला. हिंगातही गव्हाचं पीठ असतं म्हणून हिंगाची डबी गेली. पण कारखान्यात सकाळची सुट्टी दहाच मिनिटांची, तीही धुळीत उभ्यानं. तिथं डब्यापेक्षा पाकीट फाडून खायचा, पौष्टिक वडीसारखा बार सोयीचा. अक्षतानं टाळायचे शब्द इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून दिले. मालनबाईंना इंग्रजी येत नाही. दुकानात उभ्या राहून त्या चिठ्ठीतलं एकेक अक्षर पाकिटावरच्या बारीक छपाईशी ताडून बघायच्या.

"नाचणीचा हाये, बिलकुल चालतो," दुकानदार राधेश्याम एकदा म्हणाले. तरी मालनबाईंनी दोनदा ताडलं. चिठ्ठीतला एकही शब्द सापडला नाही. त्यांनी आठवड्याचे बार घेतले.

तिसऱ्या दिवशी अक्षता कामावरून उलट्या करत परतली. पाकीट तिनंच नीट वाचलं. त्यात माल्ट होतं, म्हणजे जवच.

"हा शब्द मीच लिहिला न्हाई, आई. तुझी काय चूक?"

"हातानं मीच दिलं ना," मालनबाई म्हणाल्या. "तिलाबी मीच भरवलं व्हतं."



अक्षता महिनाभर अंथरुणात होती. तोवर कारखान्यानं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. आता ती घरीच असते, उसवलेले कपडे शिवून देते. मालनबाई अंगणवाडीत गव्हाचा खाऊ शिजवून आल्या की दारातच साडी बदलतात, कोपरापर्यंत हात घासून धुतात, मगच भाकरीच्या पिठाला हात लावतात. साबणानं बोटांना चिरा पडल्यात.

"पुरे, आई," अक्षता म्हणते.

त्या धूतच राहतात.