कुवेतचा कौल

दत्ताराम सर गेल्याची बातमी मला साखळीच्या बसस्टँडवर कळली. पणजीच्या बसमध्ये एक पाय ठेवला होता, तेवढ्यात बाबल्या हॉटेलवाल्याने रस्त्यापलीकडून हाक मारली, "भाऊ, उतर! सर गेले." मी उतरलो. कंडक्टर काहीतरी ओरडला आणि बस निघून गेली. त्याला आता महिना उलटला. तरी तिथून जाताना नजर बाबल्याच्या हॉटेलात वळतेच, आणि कोपऱ्यातल्या बाकावर दुसराच कोणी भाजी-पाव खाताना दिसला की मला त्या बिचाऱ्याचा उगीचच राग येतो.

सर मूळचे पेडण्याचे, तेरेखोलच्या खाडीकाठचे. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी इतिहासाचे मास्तर म्हणून साखळीला आले आणि मुळगावात घर करून राहिले. मी तिथल्याच खाणीवर कारकून. शाळा सुटली की सर बाबल्याकडे यायचे आणि वर्गात न संपलेला इतिहास आमच्यावर काढायचे. त्यांना वेड एकच, अमेरिकेच्या अध्यक्षांचं. कोणाचा प्रभाव जगावर सगळ्यांत जास्त, यावर ते ट्रक ड्रायव्हरांशीही वाद घालत. नावं कोणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून सरांनी त्यांची बारशी केली होती : शेंगदाणेवालो, सिनेमावालो, चीनवालो. एका बापलेकांना नुसतंच 'बापूस' आणि 'पूत'. "बुकातला माका सांगू नको," ते म्हणत. "आमच्या उंबऱ्याक कोण पोचलो, ता सांग!"

वाद मिटला नाही की कौल. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सर बाबल्याच्या देवाच्या फोटोवरचं फूल काढून पाण्याच्या तांब्याला दोन पाकळ्या चिकटवत आणि डोळे मिटून खड्या आवाजात सुरू करत, "बा म्हाराजा! ह्यो चीनवालो आज तुज्या दारात उबो असा. ह्येना आमचा बरा केल्यान काय, ता उजव्या-डाव्यान सांग रे म्हाराजा!" आणि सगळं हॉटेल ओरडे, "व्हय म्हाराजा!"

चीनवाला हा सरांचा पहिला नंबर. त्याने जाऊन चीनचं दार ठोठावलं, चीन उघडला, वाढला, आणि पुढे त्याच चीनला लोखंड हवं म्हणून आमचा डोंगर खणला गेला, असा त्यांचा सरळ हिशोब. मुळगावच्या शेतात तांबडा चिखल उतरला तो त्या माणसामुळे. पण त्याचा कौल लावला त्या दिवशी पाकळी पडली उजवी. ट्रकवाल्यांनी टाळ्या पिटल्या. सर तांब्याकडे बघत म्हणाले, "देवाचोय एक ट्रक असतलो!" आम्ही पोट धरधरून हसलो. त्यांचा तो चेहरा आठवला की अजूनही हसू येतं... आणि मग येत नाही.

कारण सरांचा एकुलता एक मुलगा सुहास. स्वयंपाकात हात चांगला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत सीझनपुरतं काम करायचा. पावसात मोकळा असला की खाणीवर ट्रक धरीन म्हणायचा. सरांना ते नको होतं. "ती धूळ खाऊन मरूक तुका वाढवूक नाय," असं त्याला माझ्यासमोर सुनावलं होतं. एजंटाने कुवेतमधल्या मोठ्या किचनची नोकरी आणली. सरांच्या पत्नी मालतीवहिनींचं मन होईना, म्हणून सर पेडण्याला गावच्या देवळात गेले. मीही बरोबर होतो. तिथे थट्टा नव्हती. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, झील कुवेताक जाता, धाडूचो काय? उजवी पाकळी पडली, लगेच पडली. येताना सरांनी सगळ्या वाटेत मला बोलू दिलं नाही, इतके ते खुशीत होते.

सुहास कुवेतमध्ये थोडेच महिने होता. तिथून कंपनीने सरहद्दीपलीकडे, इराकात, अमेरिकन सैन्याच्या तळावर जेवण करायला नेलं. लढाई पुताची होती. बापाची लढाई आम्ही हॉटेलात बसून रेडिओवर ऐकली होती. पुताची सरांच्या घरात आली. तळावर तोफगोळा पडला. पेटी आली ती उघडायची नाही असं सांगूनच आली. बाराव्याला कोणीतरी म्हणालं, देवाने फसवलं. सर पहिल्यांदाच बोलले. "देवान फसवूक नाय. आमी इचारला कुवेतचा. इराकाचा खय इचारला?"

त्यानंतर कौल बंद. सर हॉटेलात येत, चहा घेत, अध्यक्ष बदलत, टीव्हीवर नवे चेहरे येत, पण ते कोणाचं बारसं करीत नसत. कोणी मुद्दाम विषय काढला तर 'बाबल्या, साखर कमी' एवढंच. मला तर वाटायचं, एकदा तरी त्या पुताला शिव्या घालाव्यात, मोकळं व्हावं... घातल्या नाहीत.

शेवटचं भेटलो तेव्हा सर खाटेला खिळले होते. खिडकीशी पाण्याचा तांब्या, वहिनींनी पूजेची तगर बशीत ठेवलेली. मला म्हणाले, "भाऊ, पाकळ्यो लाव." बोटं ओली करून मी दोन लावल्या. मला वाटलं, राहिलेला निवाडा करायचा आहे, म्हणून मी सुरू केलं, "बा म्हाराजा, ह्यो पूत आज तुज्या दारात..." सरांनी हात वर केला. "तसा नको. असा इचार. माज्या झिलाच्यार सगळ्यात मोठो हात कोणाचो? त्या पुताचो, तर उजवी. माजो, तर डावी."

मी ओली बोटं पुसत राहिलो. शेवटी त्यांनीच पुटपुटत गाऱ्हाणं पुरं केलं आणि वाट बघू लागले. 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी एकटाच होतो, आणि मला ते म्हणवलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि वाऱ्याने पाकळ्या हलताना बघून पंखा बंद केला. सर तांब्याकडे बघता बघता झोपी गेले. त्यानंतर ते मला भेटले नाहीत.

परवा वहिनींना भेटून आलो. सरांची खाट काढली आहे, कपडे देऊन टाकले आहेत. खिडकीशी तांब्या तसाच आहे, पाणी आटलेलं. दोन्ही पाकळ्या सुकून, काळ्या पडून, त्याला चिकटून आहेत. उकाडा खूप होता, म्हणून मी उठून पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"रवांदे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "देवान अजून सांगूक नाय."