रबरी चाकांवर चिंचवड ते चाकण

पॅसेंजर चिंचवड स्टेशनात थांबली तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. फलाटावर उतरलो आणि तारेच्या कुंपणापलीकडे आमचे दोन्ही बैल दिसले, हरण्या आणि चांद्या. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) त्यांना घेऊन आदल्या दिवशीच चाकणहून आले होते. आज नवी गाडी जुंपून घरी जायचे होते. रबरी टायरची गाडी.

ही गाडी माझ्या सांगण्यावरून घेतली, हे आधीच सांगायला हवे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुटीत घरी गेलो की सगळे मला पत्रे वाचायला देतात, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते विचारतात. पण शेतीतले कुणी काही विचारत नाही. दिवाळीत मात्र मी धीर करून म्हणालो होतो, की पुण्याच्या मंडईत कांद्याच्या बैलगाड्या आता मोटारीच्या टायरवर येतात, बैलांना ओढायला हलक्या जातात. दादांनी आठ दिवस उत्तर दिले नाही. मग एका सकाळी म्हणाले, "बघू तुझं." त्यांनी माझे ऐकले, ही पहिलीच वेळ. गाडी सुखरूप घरी पोचली तर पुढेही ऐकतील. नाही पोचली तर मी पुन्हा बाटल्या वाचणारा.

उस्मानभाईंचा कारखाना म्हणजे कडुलिंबाखाली पत्र्याची शेड. लष्कराच्या मोडीत निघालेल्या ट्रकची चाके आणि आस घेऊन ते बैलगाड्या बनवतात. आमची गाडी हिरव्या रंगात उभी होती.

"पाटील, हिला बैलगाडी म्हणू नका," ते दादांना म्हणाले. "मोटारच आहे. फक्त हिचं इंजिन कडबा खातं."

मग त्यांनी मागच्या बाजूचा लोखंडी दांडा दाखवला. तो ओढला की दोन लाकडी ठोकळे टायरवर दाबले जात. "लोखंडी धाव (लाकडी चाकावरची पट्टी) उताराला आपसूक रुतते, अडते. ही अडत नाही, ही पळते. उतार लागला की ओढायचा. मागं कोण बसणार?"

वर्गात करतो तसा मी हात वर केला. दादा बैलांच्या मानेवरून हात फिरवत होते. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

निघालो, आणि पहिल्या फर्लांगातच मला हसू यायला लागले. गाडी वाजतच नव्हती. लहानपणापासून बैलगाडी म्हणजे कानात भरलेला खडखडाट. इथे फक्त बैलांची पावले आणि घुंगरे. खड्ड्यातून जाताना कुणीतरी अलगद उचलून ठेवल्यासारखे वाटायचे. दादा एकदा मागे वळून म्हणाले, "पाठ दुखंना आज." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळच.

पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात चहाला थांबलो. सिंधी दुकानदाराने फळीवर रेडिओ मांडला होता आणि त्याला हार घातला होता. चार माणसे चहा सोडून आमच्या गाडीभोवती जमली.

"रबर किती दिवस टिकणार राव," एक म्हातारा टायरवर काठी आपटत म्हणाला. "लाकडाचं चाक बापाचं पोराला मिळतं."

"आणि बापाची पाठदुखी बी मिळती," दुसरा म्हणाला. तो कारखान्यात कामाला होता. त्याच्या कोऱ्या सायकलला चाकावर चालणारा दिवा होता. तेल नाही, वात नाही. भर उन्हात मागचे चाक उचलून त्याने पायडल फिरवले आणि दिवा लावून दाखवला. "पाच वर्षांत बघा, रेडिओ घराघरांत, सायकल दाराशी. बैल फक्त पोळ्याला."

"मग पोळा कुणाचा करशील? सायकलीचा?" म्हाताऱ्याने विचारले. सगळे हसले, आणि सर्वांत जास्त तो सायकलवाला. मला त्या गर्दीत फार बरे वाटले. सगळे जग एकदम हलू लागले होते आणि त्यातले एक चाक आमच्या मालकीचे होते.

भोसरीच्या पुढे एक बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या मधून चालल्या होत्या. गाडी अगदी पाठीशी गेली तरी त्यांना कळले नाही. बैलाचा श्वास मानेला लागला तेव्हा त्या दचकून बाजूला झाल्या.

"चोरावानी आली की रं गाडी. आवाज इकून खाल्लास व्हय?"

दादांनी गाडी थांबवून त्यांना बसवून घेतले. त्या सखूमावशी, चिंबळीच्या. लेकीकडून परत निघाल्या होत्या. त्या मागे माझ्या शेजारी बसल्या. थोडे अंतर गेल्यावर विचारू लागल्या, ही इतकी गुळगुळीत चालते कशी. मला एवढे कुणी कधी विचारले नव्हते. चाकाच्या आत पोलादी गोळ्या असतात, त्या फिरतात, म्हणून घर्षण कमी होते, असे मी सांगू लागलो. घर्षण म्हणजे काय तेही सांगितले. त्यांच्या पाटीतली बोरे घेऊन गोळ्या कशा फिरतात ते दाखवले.

"व्हय का," मावशी म्हणाल्या. "आन् त्यो दांडा कशापायी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले तेव्हा मोशी मागे पडली होती आणि इंद्रायणीचा उतार सुरू झाला होता.

गाडीने बैलांना मागून ढकलले. चांद्याच्या खुरांना ती घासली आणि दोघे उधळले. बोरे रस्त्यावर सांडली. दादा कासरा (बैलांचा दोर) पार मागे ओढून ओरडत होते. मी दांड्याकडे झेपावलो, पण हात घसरला. शेवटी दादांनी बैल बांधाकडे वळवले, आणि गाडी मातीत रुतून थांबली. चांद्याच्या मागच्या पायाला खरचटले होते. तो थरथरत होता.

दादा खाली उतरले. पायाला माती लावली. मग म्हणाले, "फिरवा माघारी. असली गाडी घरी न्यायची न्हाई."

सखूमावशींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी सगळे पाहिलेले होते. "तिचा दोष न्हाई बाबा," त्या दादांना म्हणाल्या. "म्होरनं टरक आला, त्येला बैल बुजलं."

रस्त्यावर ट्रक नव्हता. नुसती मान हलवली असती तर भागले असते. पण दादा पुढे होते, त्यांनी रस्ता पाहिला होता. आणि नसता पाहिला, तरी चांद्याच्या पायाकडे बघून मला मान हलवता येईना.

"दादा, ट्रक नव्हता. दांडा मी ओढलाच नाही. बोलत बसलो होतो."

दादांनी कासरा माझ्या हातात दिला. मला वाटले, आता चालतच घरी जायचे. पण ते मागे जाऊन बसले. "म्होरं बस. हळू चालव. दांडा मी बघतो."

गाडी मातीतून काढून उरलेला उतार आम्ही उतरलो. ठोकळे टायरला लागून कुरकुरत होते आणि गाडी बैलांच्या मागे शहाण्यासारखी येत होती. पूल ओलांडून चिंबळी आली. मावशी उतरताना मला म्हणाल्या, "बोरं राहू दे. शिकवणीची म्हून समज."

घरी गाडी बघायला गाव लोटले. दादांनी मोशीचे काही सांगितले नाही. ना माझे, ना गाडीचे. आणि पुढे मला काही विचारतील की नाही, तेही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पुण्याला परत निघालो. पूल ओलांडून मोशीचा चढ लागला तसा पुढच्या बाकावरचा गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "काल हितंच रबरी गाडी पळाली. बैल मरता मरता वाचला. आमच्या थोरल्यानं घ्यायची म्हणलं होतं, म्या सांगितलं, नाव काढू नगं."

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. कॉलेजात हजेरी देतानाही माझा आवाज बसतो. पण मी उभा राहिलो आणि बसच्या वरच्या दांड्याला धरून म्हणालो, "ती गाडी आमची होती. गाडी चांगली आहे. ब्रेक माझ्याकडे होता, मी ओढला नाही."

सगळ्या बसने मागे वळून पाहिले.

"मग तुला मागं बसवला कुणी?" कंडक्टरने विचारले, आणि बस हसली. माझे कान तापले. मी बसणार एवढ्यात त्या गृहस्थाने सरकून जागा केली.

"हितं ये भावा," तो म्हणाला. "किती वजन घेती, ते सांग."

वजन मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे मी सांगितले, आणि मग भोसरी येईपर्यंत त्याला उतारावर काय करायचे तेवढे सांगत राहिलो.