एका पेंडीची जागा

बस सुटायला वेळ होता, म्हणून मी यादी पुन्हा वाचली. ट्रंक, वळकटी, कंदील, घरच्या तांदळाची पिशवी. ट्रंक टपावर चढवून बाबा दोरी करकचून बांधत होते. आई माझ्या खिडकीखाली उभी होती. म्हणाली, "एवढं सगळं लिवलं, वापस कधी येशीन ते लिवलं काय वं?"

"नेहमीच येईन," मी म्हणाले. कुहीहून सकाळी निघालेली बस जेवणवेळेच्या आत नागपूरला पोचते. नेहमी म्हणायला काय हरकत होती?

टपावरून उतरत बाबा एवढंच म्हणाले, "रोवणीले मात्र येजो."

आमच्या घरची रीत होती. धानाची रोवणी सुरू करताना पहिली पेंडी, म्हणजे रोपांची पहिली जुडी, घरातल्या मुलीनं बांधीत, भाताच्या खाचरात, लावायची. मग बाया रांगेनं चिखलात उतरायच्या. घरात मुलगी मी एकटीच, त्यामुळे कळायला लागल्यापासून ते काम माझं.

नागपुरात धरमपेठेतल्या शाळेत मला शिकवायला पाचवीचं इंग्रजी मिळालं. कितीदा, कधी, हे सांगणारे शब्द शिकवताना मी फळ्यावर शिडी काढायची. सगळ्यात वर ऑलवेज, खाली युज्वली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम आणि अगदी तळाशी नेव्हर. प्रत्येक पायरीला मुलींनी आपापल्या घरातलं उदाहरण द्यायचं. पहिल्या वर्षी ऑफनच्या पायरीवर माझं उदाहरण होतं: मी पुष्कळदा गावी जाते. ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षी ते समटाइम्सवर उतरलं. रविवारी पेपर तपासायचे, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, आठवड्याचं धुणं काढायचं. मला कामं आवरायला आवडतात आणि शहरात ती कधी संपत नाहीत.

त्याच पावसाळ्यात रोवणीच्या तोंडावर शाळेची तपासणी निघाली. ओळखीच्या कंडक्टरजवळ मी निरोप दिला, "लवकरच येते." लवकर, लवकरच, एवढ्यात, थोड्या दिवसांत. असल्या शब्दांतला फरक मी वर्गात समजावून सांगत असे. बाबांनी मात्र सगळ्यात जवळचा अर्थ धरला आणि चिखल करून वाट पाहत बसले.

मी पोचले तेव्हा आजूबाजूच्या बांध्या हिरव्यागार होत्या. आमच्या बांधीत नुसतं पाणी. शेजारचे काका बांधावरून ओरडत होते, "काहून गा, यंदा मासोळ्या पाळून राहिला काय?"

"आमची मास्तरीण येऊन राहिली ना," बाबा हसून म्हणाले.

आई माझ्यावरच घसरली. "पऱ्हे म्हातारे होऊन राहिले. सांगून सांगून थकली मी. पण हा माणूस ऐकते काय?"

पऱ्हे म्हणजे ती रोपं. खरंच पिवळी पडली होती. मी पेंडी लावली आणि संध्याकाळी बाबांना स्पष्ट सांगितलं, "यापुढे माझ्यासाठी थांबायचं नाही. पीक हातचं जाईल."

"बरं," बाबा म्हणाले.

पुढच्या वर्षी ते थांबले नाहीत. मी गेले तेव्हा रोवणी आटोपली होती. मी सांगितलं तसंच झालं होतं, तरी कोरड्या पायांनी बांधावर उभं राहवेना. बाबांनी बोट दाखवलं. बांधीच्या कोपऱ्यात सुपाएवढी जागा मोकळी होती आणि कडेला पाण्यात एक पेंडी ठेवलेली होती. "बाकीचं झालं," ते म्हणाले. "तुहं तेवढं राहिलं."

मग माझं लग्न झालं, मुलं झाली आणि माझं उदाहरण सेल्डमवर आलं. काही पावसाळे मी गेलेच नाही. कापणीच्या वेळी गेले की त्या कोपऱ्यात गवत दिसायचं. बाबांनी कधी तक्रार केली नाही, आणि कोपराही कधी भरला नाही.

आता बाबा नाहीत. शेत भाऊ पाहतो आणि पहिली पेंडी त्याची मुलगी लावते. ते योग्यच आहे. यंदा गेले तर त्या कोपऱ्यातही धान लावलेलं. "ताई, जागा वाया जाते ना," भाऊ म्हणाला. मी बाबांना सांगितलं होतं तेच तो मला सांगत होता. मी मान हलवली. निघताना आई स्टँडवर आली. कधी येशीन, हे आता ती विचारत नाही. "येत जाजो वं," एवढंच म्हणते.

गावी राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्यांना शहरात घर मिळालं. मिळालं की, नळ आहे, गॅस आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण घर म्हटलं की मला ती सुपाएवढी जागाच दिसते.

परवा वर्गात पुन्हा शिडी काढली. ऑलवेजच्या पायरीवर इतकी वर्षं मी सूर्याचं पूर्वेला उगवणं लिहीत आले. या वेळी लिहिलं: माझे वडील माझ्यासाठी नेहमी जागा ठेवायचे.

"बसमध्ये, बाई?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"नाही गं. चिखलात."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तास संपल्याची घंटा झाली, मी फळा पुसायला घेतला. ती ओळ तेवढी राहू दिली.