काळीवरची अकरा घरं

मी मुंबईला निघालो तेव्हा एसटीच्या टपावर माझी वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि गोधडीत गुंडाळलेला ड्रॉइंग बोर्ड चढला. बोर्ड बघून कंडक्टर म्हणाला, "एवढा मोठा पोळपाट? मुंबईत खानावळ काढतो का काय?" सगळी गाडी हसली. आईसुद्धा रडता रडता हसली आणि परत रडायला लागली. आमचे वडील, म्हणजे दादा, गावचे पोलीस पाटील. चारचौघांत डोळे ओले करणं त्यांना शोभलं नसतं, म्हणून ते कंडक्टरवर ओरडले. लालूचाचा तेवढा कामात होता. बोर्ड वर चढवायच्या आधी त्यानं तो गोधडीतून सोडवला, पिशवीतला लोखंडी गुण्या काढून चारही कोपरे तपासले आणि म्हणाला, "बाबू, ह्यो कोपरा अर्ध्या सुतानं तिरका मारतोय. ध्यानात ठेव." मग त्यानं बोर्ड पुन्हा नीट गुंडाळून दिला.

लालूचाचा आमच्या गावचा गवंडी. नगर जिल्ह्यातल्या त्या पट्ट्यात चार गावांत त्याच्या हातच्या भिंती होत्या. मुलबाळ नव्हतं. तो आणि हमीदाचाची, दोघंच. शाळा सुटली की मी त्याच्या कामावर जाऊन बसायचो. ओळंबा धरायला, दगडाचा चेहरा ओळखायला, दोरी ताणायला मी तिथं शिकलो. दुपारी हमीदाचाची भाकरीवर तिळाची चटणी घालून द्यायची आणि "पाटलाच्या घरी सांगू नको रं" म्हणायची. मी सांगत नव्हतो. घरी सगळ्यांना ठाऊकच होतं, पण सांगितलं नाही म्हणजे चालून जायचं.

मला आर्किटेक्ट व्हायचं होतं ते त्याच्यामुळे. गावात हा शब्द कुणाला उच्चारता येत नव्हता, दादा 'आर्केट' म्हणत. माझा बेत पक्का होता. पाच वर्षं शिकायचं, परत यायचं, नगरला सावेडीच्या माळावर ऑफिस टाकायचं. तिथं तेव्हा बाभळी आणि वारा याशिवाय काही नव्हतं. पाटीवर नाव माझं, कामावर हेडमिस्त्री लालूचाचा. त्याला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "आदी शिक तर. मंग बघू कोन कुनाचा हेड."

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे समुद्र ओलांडून आलात, तुम्हा दोघांनाही आपलं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्याचं ठाऊक आहे. दरवर्षी इथं कॅनडातल्या आपल्या मंडळाच्या अंकात कुणीतरी त्यावर हळवं लिहितं. बुडालेलं देऊळ, बुडालेला पार, बुडालेलं बालपण. वाचून मला हसू येतं. पाण्यानं आमचं काही वाईट केलं नाही. आम्हाला पाण्याची गरजच पडली नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा गावाला धरणाच्या नोटिसा आल्या. नवीन गावठाणासाठी दोन मैलांवर जागा मिळाली. गावकऱ्यांनी स्वतःची आखणी सुचवली तर विचार करू, असं नगरच्या साहेबांनी दादांना सांगितलं. त्याच वर्षी कॉलेजात आम्हाला वसाहतीचं डिझाइन करायचं होतं. सगळी मुलं काल्पनिक जागा घेऊन बसली. मी उठून म्हणालो, माझ्याकडे खरी जागा आहे, खरी माणसं आहेत आणि हे गाव खरोखर बांधलं जाणार आहे. सरांनी सगळ्या वर्गाला माझ्याकडे बघायला सांगितलं. वीस वर्षांच्या पोराला एवढं पुरतं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात मी टेप आणि बोर्ड घेऊन गावी आलो. दुष्काळ होता. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीत, आणि गावातली निम्मी माणसं नव्या गावठाणाच्या रस्त्यावर खडी फोडायला. मी छत्री धरून जागा मोजत होतो आणि ज्या बायांनी मला लहानपणी खेळवलं त्या उन्हात घण मारत बघत होत्या. "आपला पोरगा गाव काढतोय," म्हणायच्या. मला बरं वाटायचं.

जागा निम्मी वरची, निम्मी खालची. वर माळ, फूटभर खणलं की मुरूम. खाली काळी माती. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं. काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पाऊस पडला की फुगते, आणि तिच्यावरची भिंत कधी ना कधी फाटते. हे मला कुठल्या सरांनी शिकवावं लागलं नव्हतं. माझ्या पहिल्या नकाशात सगळी घरं वर होती, जरा दाटीनं. खाली शाळेचं मैदान, बाजार आणि झाडं.

दादांनी तो नकाशा जेवणानंतर पाहिला. भावकीतले चौघं सोबत होते. दादा म्हणाले, "आंगन कुठंय?" मी म्हणालो, सगळ्यांना वर बसवायचं तर अंगणं लहान होतात. दादांनी पान जुळवलं. "पाटलाच्या भावकीला बैलं बांधायला जागा नको व्हय? आंगनं मोठी कर. मंग काही घरं खाली गेली तर जाऊ दी. कोन जातंय ते तू बघ. आमी काय सांगत न्हाई."

ही त्यांची हुशारी. त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही. अकरा घरं खाली जाणार होती आणि ती अकरा नावं मी माझ्या हातानं लिहिली. दोन कुंभाराची, तीन मांगवाड्यातली, धनगराची, एका विधवेचं घर, अशी. ज्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं त्यांची नावं भराभर सुचली. दहा झाली. अकरावं सुचेना, कारण उरलेला प्रत्येकजण भांडायला आला असता. मग मी लालूचाचाचं नाव लिहिलं. परका माणूस भांडतो, आपला माणूस ऐकून घेतो, असा माझा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर अंगणं मोठी केल्यावर नकाशा देखणा दिसायला लागला होता.

चार दिवसांनी लालूचाचा आला. मी ओसरीवर बोर्ड घेऊन बसलो होतो. तो पायरीवरच उभा राहिला.

"बाबू, माजं नाव खालच्या आळीत हाय म्हनं."

"हो चाचा."

"मी खनून बघितलं. पुरुसभर खाली गेलो, तरी काळीच लागती. आमी दोगंच मानसं. वर कुठं कोपऱ्यात दोन खनांची जागा दे. आंगन नको मला."

मी म्हणालो, "नकाशा नगरला मंजूर झालाय चाचा. शाईनं निघालाय. आता हलत नाही."

नकाशा नगरला गेलेलाच नव्हता. तो माझ्या मांडीसमोर होता, पेन्सिलीत. खोडरबर तिथंच पडलं होतं. दोन खणांची जागा म्हणजे बोर्डावर माझ्या नखाएवढी. पण ती द्यायची तर एका चुलत्याचं अंगण कापायचं, दादांना सांगायचं, आणि घरांची सरळ आलेली ओळ मोडायची. त्या ओळीवर माझा जीव होता. लालूचाचानं वाकून कागदावरून एकदा हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "सरळ काढलीस," म्हणाला आणि गेला.

कॉलेजात परीक्षक बाहेरून आले होते. त्यांनी विचारलं, "सॉइल?" मी म्हणालो, "हार्ड मुरूम, सर." जमिनीचा छेद मी फक्त वरच्या भागातून काढला होता. खालच्या आळीबद्दल विचारलं तेव्हा, "कारागीर लोक, सर, बाजाराजवळ सोयीचं," असं उत्तर माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मलाच कौतुक वाटलं. वर्गात माझे मार्क सगळ्यात जास्त आले. पुढच्या आठवड्यात तोच नकाशा नगरला गेला आणि मंजूर झाला.

गाव उठलं ते मी पाहिलं नाही. दारं, चौकटी, तुळया गाड्यांवर घालून लोक नव्या जागेवर गेले. लालूचाचानं पहिलं घर आमचं बांधलं. मग भावकीची. मग वरच्या आळीतल्या सगळ्यांची. स्वतःचं शेवटी. पाया खणून काढलेली काळी त्यानं डोक्यावरून लांब टाकली आणि वरून मुरूम आणून त्या खड्ड्यात भरला, दुष्काळात, पाणी नसताना, दोघांनी मिळून. जेवढं माणसाच्या हातात असतं तेवढं त्यानं केलं.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. दादांचं कार्ड मला हॉस्टेलवर मिळालं. ते मला पाठ आहे. "चि. यास आशीर्वाद. पाऊसपाणी उत्तम. खालच्या आळीत चार घरांच्या भिंती पडल्या. लालूची हमीदा भिंतीखाली सापडून वारली. आपल्या घरास एक तडा नाही. नकाशा चांगला झाला असे सर्व म्हणतात. प्रकृतीस जपावे."

भिंत पावसात पडत नाही, उघडीप पडल्यावर पडते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आठ दिवसांनी ऊन पडलं म्हणून हमीदाचाची भिजलेल्या गोधड्या वाळत घालायला बाहेर आली होती. हे मला नंतर आईकडून कळलं. कार्ड वाचून मी काय केलं? मेसमध्ये जेवलो. दुपारी एक शीट शाईत घ्यायचं होतं, ते घेतलं. एकही रेघ वाकडी गेली नाही. माझ्याबद्दल मला ही एवढी गोष्ट कधी विसरता आलेली नाही.

शेवटच्या वर्षी मी परदेशातल्या कॉलेजांना अर्ज केले. पोर्टफोलिओत पहिलंच पान आमच्या गावाचं. विद्यार्थिदशेत केलेलं आणि प्रत्यक्षात बांधलं गेलेलं काम फार थोड्यांकडे असतं. कॅनडातून स्कॉलरशिपचं पत्र आलं, त्यात त्या कामाचा खास उल्लेख होता. सावेडीच्या ऑफिसचं नाव मी त्यानंतर कधी काढलं नाही. इथं आलो, लायसन्स घेतलं, फर्म काढली. कंडोमिनियम, दोन लायब्रऱ्या, एक हॉस्पिटल. सॉइल रिपोर्ट आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही आणि इंजिनिअर लोक त्याबद्दल माझी थट्टा करतात. माझ्या मुलींना वाटतं, डॅड फार काटेकोर आहे.

दादा गेले तेव्हा मी बावीस वर्षांनी गावी गेलो. आई आधीच गेली होती. आमचं घर ठणठणीत उभं होतं. दहावं झाल्यावर मी खालच्या आळीत गेलो. लालूचाचा त्याच जागेवर पत्र्याच्या खोलीत राहत होता. भिंत बांधायचा नाद त्यानं सोडला होता. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी नकाशा पेन्सिलीत होता, मंजूर झालेला नव्हता, मी खोटं बोललो.

तो म्हणाला, "ठाऊक हाय. हात फिरवला तवा बोटं काळी झाली हुती."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस?

"काय बोलू? तू नगं म्हनत हुतास ते दिसत हुतं. हमीदाला म्हनलं, पोरगं शिकलं. हसली ती."

मी रडलो. त्यानं मला रडू दिलं, जवळ आला नाही. मी म्हणालो, चाचा, वरचं घर तू घे, कुलूप लागणारच आहे. तो म्हणाला, त्या घराचा दगड न् दगड मी बसवलाय, त्यात मला नवं काय दिसायचं. मग तो उठला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. स्टोव्ह पेटवला, भांडं विसळलं, चहाचं आधण ठेवलं. मी नको नको म्हणत राहिलो. त्यानं कप माझ्यापुढं ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसला.

मी निघालो तेव्हा दारात म्हणाला, "बाबू, येक काम कर. हितून पुढं येत जाऊ नको. तू आलास की मला च्या करावा लागतो."

इथल्या मंडळात दर गणपतीला कुणीतरी विचारतं, तुम्ही गावी का जात नाही, एवढं घर आहे तुमचं. मी ब्लड प्रेशरचं कारण सांगतो. लालूचाचा अजून आहे, नव्वदीच्या घरात, असं भावकीतला एक पुतण्या फोनवर सांगतो. मी गेलो आणि नुसता आळीच्या तोंडाशी उभा राहिलो, तरी पाहुणा आला म्हणून तो उठेल, भिंत धरून स्टोव्हपर्यंत जाईल आणि माझ्यासाठी चहा ठेवेल. म्हणून मी जात नाही.