बादली खाली करा

जयपूरच्या शास्त्री नगरातल्या मुलींच्या शाळेत कलावतीबाईंना सगळे 'कलाजी' म्हणतात. एकोणीस वर्षं त्या तिथल्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतात, बाटल्यांना चिठ्ठ्या लावतात आणि पोरींनी ॲसिड सांडलं की मॅडमच्या आधी धावतात. पण या बाई मूळच्या कुठल्या, हे एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाची जीभ झिजली नसती.

बाई वसमतकडच्या. नवरा उत्तम रेल्वेत फिटर होता. पूर्णा जंक्शनवरून त्याची बदली जयपूरला झाली तेव्हा मुलगा संकल्प पोटात होता. रेल्वेच्या क्वार्टरांत त्या वेळी चार मराठी घरं होती. बायका संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायच्या, आणि भांडायच्या त्याही मराठीतच. मग एकेक घर रिटायर होऊन गावाकडं गेलं. उत्तम वारला, क्वार्टर सुटलं, बाई एका खोलीत राहायला आल्या. संकल्प गुडगावला नोकरी करतो. दर रविवारी त्याचा फोन येतो, "मम्मी, खाना खाया?" पोरगा गुणाचा आहे, पण मराठी त्याला नुसतं समजतं. सुरुवातीला बाई मराठीत विचारायच्या आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा. पुढं बाईही हिंदीतच विचारायला लागल्या. असं कधीपासून झालं, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मराठवाड्यात नद्यांना पूर आला आणि गावंच्या गावं पाण्यात गेली. नववीच्या पोरी नेमक्या तेव्हा मिश्रणं वेगळी करण्याचा धडा शिकत होत्या. त्यांतली ऋचा म्हणून एक मुलगी तोंडाची फटकळ. तिनं विज्ञानाच्या सुनेत्रा मॅडमना विचारलं, पाणी निवळायचं फक्त परीक्षेत लिहायला शिकायचं का? मॅडम भल्या बाई, त्यांनी मनावर घेतलं. महिनाभराच्या खटपटीनंतर दोनशे संच तयार झाले. प्रत्येकात झाकणाची बादली, फडकं, तुरटीच्या पुड्या, क्लोरीनच्या गोळ्या आणि काय करायचं ते सांगणारा कागद. संच जाणार होते वसमत तालुक्यातल्या छावण्यांत. कागद मराठीत हवा होता, आणि मोबाईलनं करून दिलेलं मराठी वाचून कुणाला काही कळेना.

"मराठी किसी को आती है क्या?" मॅडमनी वर्गात विचारलं.

मागं बेसिनपाशी नळ्या धुणाऱ्या कलावतीबाई म्हणाल्या, "मेरी तो वही है."

"आप तो साउथ की हो ना, कलाजी?" ऋचा म्हणाली.

कागद लिहायचं काम बाईंकडं आलं. त्या दिवशी त्या घरी गेल्या त्या हवेतच. सांगून सांगून सांगणार कुणाला? त्यांनी कागद चार वेळा लिहिला. अक्षर गोल काढलं. आपल्या गावाला आपल्या हातचं काहीतरी जातंय, एवढ्यानं त्यांना रडू आलं. त्या पोटभर रडल्या आणि पाचव्यांदा लिहायला बसल्या.

संच पोचले. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत फोन आला. बोलणारीचं मराठी मॅडमना कळेना, म्हणून त्यांनी फोन कलावतीबाईंच्या हाती दिला.

"मी सुधा, हितली आशाताई," पलीकडून आवाज आला. "मॅडम, तुमच्या कागदावर लिवलंय, बादली खाली करा. बाया बादली उचलून खाली ठेवायल्यात. बादली तर खालीच हाय. अजून किती खाली ठेवावं?"

कागदावर होतं ते असं: निवळलेलं पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, बादली खाली करा, त्यात ते पाणी परत ओता, मग गोळी टाका. जयपुरात खाली म्हणजे रिकामी. तीस वर्षं बाई डबे खाली करत होत्या, टाक्या खाली करत होत्या. तिकडच्या बायांनी मात्र बादली जमिनीवर ठेवली आणि गाळलेलं पाणी तळाच्या गाळावरच ओतलं. शहाण्या माणसांनी लिहून पाठवलंय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

"दोन लेकरांना जुलाब लागले," सुधा म्हणाली. "ह्याच पाण्यानं लागले असं नाही म्हणत मी. बरी हायेत आता."

ऋचानं लगेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर थोड्या वेळानं क्लोरीनचा वाससुद्धा येईना. सगळं औषध गाळानंच खाल्लं होतं. "गलती हमारी है, किसी से जँचवा लेना था," मॅडम म्हणाल्या. त्यांचं खरं होतं, पण बाईंचं मराठी बाईंनी कुणाकडून तपासून घ्यायचं? एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्या ओळखीचं मराठी बोलणारं एक माणूस उरलं नव्हतं.

नवा कागद त्यांनी त्याच दुपारी लिहिला. पण आता कुठल्याच शब्दाचा भरवसा वाटेना. प्रत्येक ओळीशी त्या अडायच्या, हे आपलं की इथलं? शेवटी त्यांनीच सुधाला फोन लावला. "ताई, मी वाचते. चुकलं की टोका."

'पुरी बादली पाणी' वाचल्यावर सुधा हसली. "भरलेली बादली म्हणा. पुरी खातेत." 'आरामसे ढवळा'चं 'हळूहळू ढवळा' झालं. 'खाली'चं 'रिकामी' झालं. सात ओळींना वीस मिनिटं लागली. मधूनच सुधा पावसाचं सांगायची, नदीकाठच्या गावांची नावं घ्यायची. बाईंना त्यांतली सगळी ठाऊक होती. एक तर माहेरचंच होतं. त्या नुसत्या 'हो, हो' करत राहिल्या.

"आता एकदम बरोबर झालं बघा," सुधा म्हणाली. मग तिनं अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, तिकडच्या असून बी मराठी चांगलं बोलायलात की. कुठं शिकलात?"



"मालक तिकडले होते माझे," कलावतीबाई म्हणाल्या. "त्यांनी शिकवलं."