साहेबाची जागा

नाव : मनोहर चिंधूजी वांदिले. वय : एकसष्ट. राहणार : हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. हुद्दा : वाहनचालक (सेवानिवृत्त). एकूण सेवा : एकतीस वर्षे सात महिने. अपघात : निरंक. शासकीय वाहनाचा खाजगी वापर : निरंक. इंधन बचतीबद्दल प्रशस्तिपत्र : एक. स्वभाव : नमुन्यात हा रकाना नाही.

खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. जीप होती, जिपेत साहेब होते. साहेब बदलत गेले, जीपही दोनदा बदलली. बदलले नाहीत ते मनोहरराव आणि साहेबांच्या पाठीमागचा पांढरा टॉवेल. तो दर रविवारी घरी यायचा आणि मनोहररावांची बायको, रंभाबाई, तो नीळ घालून धुवायची. ज्या जागेसाठी तिने एकतीस वर्षं टॉवेल धुतला, त्या जागेवर ती कधी बसली नाही. त्या जागेवरच काय, जिपेतही नाही.

बाळंतकळा सुरू झाल्या तेव्हा जीप टाकी भरून अंगणात उभी होती. मनोहररावांनी शेजारच्या चंद्रभानची बंडी जुंपून घेतली आणि बायकोला बैलांच्या चालीने सेलूच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी खुद्द साहेब म्हणाले, "अरे, जीप होती ना दारात!" मनोहरराव म्हणाले, "नियम हाय ना साहेब." मुलाचं नाव त्यांनी आदेश ठेवलं.

ही गोष्ट ते गावात कौतुकाने सांगत. रंभाबाईही सांगायची, पण तिच्या तोंडी बैलांची नावं आणि रस्त्यातले खड्डे जास्त यायचे.

प्रशस्तिपत्राचं कारण साधं होतं. उतार आला की मनोहरराव गाडी न्यूट्रल करत. हिंगणीच्या रस्त्यावर कालव्याचा पूल चढला की गिअर काढायचा आणि पलीकडे गाडी आपसूक घरंगळू द्यायची. डिझेल वाचतं. हातालाच सवय झाली होती.

नाताळच्या सुटीत आदेश पुण्याहून आला तो गाडी घेऊन. सेकंडहँड, पण एसी चालू. सोबत त्याची बायको सरिता. ठरलं की एका दिवसात चिखलदरा करून यायचं. पहाटे निघायचं, डोंगर चढायचा, डोंगर उतरायचा, रात्री जेवायला घरी.

पुलगाव, अमरावती, परतवाडा. तिथवर सपाटी होती. घाट लागला आणि मागच्या सीटवर रंभाबाईला गाडी लागली. तीनदा थांबावं लागलं. वर पोचल्यावर धुकं इतकं की दरी दिसेना. रंभाबाई कठड्याला धरून म्हणाली, "घरी धुकं नसते का? इतक्या दूर काऊन आणलं मले?"

"आई, थोडं थांब, उघडेल."

"उघडूदे. माह्या पोटात काई राह्यलं नाई पाहाले."

तीन वाजेपर्यंत उघडलं नाही. कणसं खाल्ली, चहा झाला, फोटो निघाले. फोटोत चौघं आणि पांढरं काहीतरी होतं. परत निघताना आदेशने किल्ली काढली तर मनोहररावांनी हात पुढे केला.

"बाबा, घाट मी उतरवतो. खाली सपाटीवर तुम्ही घ्या."

"तू जन्मला त्याच्या आधीपासून स्टिअरिंग धरून राह्यलो मी. तू मले घाट शिकवतं?"

आदेशने किल्ली दिली असती की नाही, सांगता येत नाही. पण रंभाबाई मध्येच बोलली, हळू, कोणाकडे न पाहता. "चालवूदे रे त्याईले. इतक्या वर्षांत यायनं मले कधी गाडीत बसवलं नाई."

पुढे बसलं की गाडी लागत नाही, असं सरितेने सुचवलं. तेव्हा रंभाबाई पुढे बसली, मनोहररावांच्या डावीकडे. पदर सारखा केला, मान ताठ केली.

"काय साहेब, निघाचं का?" मनोहरराव म्हणाले.

"माहा टॉवेल कुठी हाय?"

मागे दोघंही हसले. पट्टा तिच्या रिकाम्या पोटाला दाबत होता. लावला नाही तर गाडी टिंगटिंग वाजायची. तिने तो पाठीमागून नेऊन खाचेत अडकवला. आवाज बंद झाला, म्हणजे काम झालं असं सगळ्यांनी धरलं.

पहिला उतार लागला आणि मनोहररावांच्या हाताने गिअर काढला. गाडी आवाज न करता वाहू लागली. रंभाबाईला बरं वाटू लागलं होतं. ती सागाची झाडं, दगडावरची माकडं, सगळं बोट दाखवून सांगत होती. वळणावळणावर मनोहरराव ब्रेकवर पाय ठेवत, आणि पाय उचलायला सवड मिळेना. कालव्याच्या पुलावर मिळायची.

"बाबा, गिअरमध्ये ठेवा ना. ब्रेक तापतात."

"डिझेल काय झाडाले लागते काय रे?"

थोड्या वेळाने जळका वास आला. सरिता म्हणाली, कोणी टायर जाळत असेल. मग पायाखाली पेडल मऊ लागलं, आणि पुढच्या वळणाआधी ते तळाला जाऊन टेकलं. मनोहररावांनी गिअर घालायला पाहिलं. दांडा करकरला, आत जाईना. हँडब्रेकने गाडी नुसती हलली. उजवीकडे कठडा, कठड्यापलीकडे दुपारचंच धुकं. डावीकडे डोंगर.

त्यांनी जे केलं ते कोणत्याही चालकाने करावं तेच केलं. दरी सोडून गाडी डोंगराकडे घातली. मागे आदेशचा खांदा निखळला, सरितेच्या कपाळाला चार टाके पडले. मनोहररावांना खरचटलंही नाही. डोंगर डावीकडून आला होता.

रंभाबाई परतवाड्यापर्यंत पोचली नाही.

हवालदार तरुण होता, भला होता, त्याने आधी पाणी दिलं. मग विचारलं, "मयत कुठे बसल्या होत्या?"

"साहेबाच्या जागेवर."

हवालदाराने क्षणभर पाहिलं आणि लिहिलं : चालकाच्या डाव्या बाजूस.

"गाडी किती वर्षं चालवता, काका?"

"एकतीस वर्षं सात महिने. अपघात निरंक."

तेही त्याने लिहून घेतलं, कारण प्रश्न तोच होता. मनोहररावांनी स्वतःहून सांगितलं, "गिअर मी काढला होता. पोट्टा नाई म्हणत होता." मग सही केली, जशी लॉगबुकात करत तशी, खाली तारीख घालून.

तेरवी आटोपली, आदेश गळ्यात हात बांधून पुण्याला गेला. चंद्रभान विचारपूस करायला आला तर घर उघडं आणि मनोहरराव नव्हते. ते कालव्याच्या पुलावर सापडले. उन्हात, उतारावरून पायी खाली जात होते, ओठ हलत होते.

"काय करून राह्यले, मनोहरभाऊ?"

त्यांनी हाताने थांब म्हटलं, शेवटचं पाऊल टाकलं आणि मग सांगितलं.

तो उतार बहात्तर पावलांचा आहे. एकतीस वर्षं सात महिन्यांत त्यांना याहून मोठा उतार लागला नव्हता.